गाडी दिली, पण नाव सुटलं का?

मोटार विम्याची सर्व्हेअर म्हणून मी नाशिक जिल्ह्यात काम करते. अपघात झाला, पुराचं पाणी शिरलं, झाड कोसळलं, की वर्कशॉपमध्ये जायचं, गाडीखाली वाकून नुकसान मोजायचं, कागद तपासायचे आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा, हे माझं काम. या कामात मला अशी माणसं वारंवार भेटतात, ज्यांनी गाडी कधीच विकलेली असते, पैसेही घेतलेले असतात, आणि तरीही त्या गाडीच्या अपघाताची नोटीस त्यांच्याच दारात येते. कारण आरसी बुकावर नाव त्यांचंच असतं.

जुनी गाडी एक्स्चेंजला देताना दहा हजार जास्त मिळावेत म्हणून आपण चार शोरूम फिरतो. फिरावंच, पैसा कष्टाचा आहे. पण "माझं नाव कोणत्या तारखेला निघेल?" हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. गाडी केव्हा द्यावी, कितीला द्यावी आणि कशी द्यावी हे तर सांगतेच; त्याहून आग्रहाने सांगायचं आहे ते हे, की नाव निघेपर्यंत व्यवहार अर्धाच असतो.

केव्हा द्यावी?

"किती वर्षांनी गाडी बदलावी?" असं मला नात्यागोत्यातले सगळेच विचारतात. नुसतं वय बघून याचं उत्तर देता येत नाही. एका कागदावर डाव्या बाजूला पुढच्या दोन वर्षांत या गाडीवर होणारा खर्च लिहा आणि उजव्या बाजूला या दोन वर्षांत तिची किंमत किती घसरेल ते लिहा. नवी गाडी घेतली तर पहिल्या दोन वर्षांत तिची किंमत किती घसरेल, तेही खाली मांडा. बहुतेकांचा निर्णय या कागदावरच होतो.

घसरणीचा अंदाज घ्यायला विम्याची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीवर छापलेली गाडीची किंमत, उपयोगी पडते. तिचं कोष्टक ठरलेलं आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि मालक मिळून किंमत ठरवतात. बाजारभाव याच्या वरखाली असतो, पण दिशा हीच. म्हणजे तीन-चार वर्षांत गाडी विकणारा माणूस मोठी घसरण स्वतः सोसतो आणि पुढच्याला चांगली गाडी स्वस्तात देतो. गाडी ठणठणीत असेल, कुटुंबाला पुरत असेल, तर सात-आठ वर्षं ती ठेवण्यात मला शहाणपण दिसतं.

खर्चाची बाजू नाशिकमध्ये जरा वेगळी लिहावी लागते. दर आठवड्याला कसाऱ्याच्या घाटातून मुंबईला जाणाऱ्या गाडीचे ब्रेक आणि क्लच गंगापूर रोड ते कॉलेज रोड एवढंच फिरणाऱ्या गाडीपेक्षा लवकर झिजतात. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि घाट टाळता येऊ लागला, पण तिथे टायरची परीक्षा असते. काँक्रीटवर सलग वेगात धावताना टायर तापतो. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षं जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं. टायर, बॅटरी, क्लच आणि सस्पेन्शन ही चार कामं एकाच वर्षात आली, तर गाडी द्यायची की ठेवायची हे त्या खर्चाआधी ठरवा. नवे टायर घालून महिन्याभरात गाडी विकली, तर त्या पैशांतला थोडाच भाग परत मिळतो.

खर्चानंतर गाडी देण्याचं दुसरं कारण वापर न जुळण्याचं. सातपूरला रोज आठ-दहा किलोमीटर जाणाऱ्या एका गृहस्थांनी बीएस-६ डिझेल गाडी घेतली होती. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. सिग्नल-सिग्नलच्या प्रवासात ते होत नाही. फिल्टर तुंबत राहिला, वर्कशॉपच्या फेऱ्या वाढल्या. गाडीत दोष नव्हता; ती त्यांच्या वापराची नव्हती. अशी गाडी लवकर देणं हाच बरा मार्ग.

तिसरं कारण पंधरा वर्षांचं. दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेल्यापासून इथेही अनेकांना वाटतं, की पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात गेली. महाराष्ट्रात तसा नियम नाही. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणीत गाडी पास झाली, तर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. मात्र एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि वीस वर्षं उलटलेल्या कारसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० झालं. वर पर्यावरण कर आहेच. त्यामुळे चौदाव्या वर्षी गाडी दाखवलीत तर गिऱ्हाईक मिळतं. पंधरा उलटल्यावर नूतनीकरण न केलेल्या गाडीला मिळतो तो भंगाराचा भाव.

भंगारातच द्यायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमानुसार राज्यं खासगी गाडीसाठी ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत देऊ शकतात. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे गाडी तुटते, पण आरटीओच्या दप्तरात ती तुमच्या नावावर जिवंत राहते.

वर्षातला महिनाही पाहावा. १ जानेवारीला बाजारात प्रत्येक गाडी एक वर्षाने म्हातारी होते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिलेली बरी. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांना शोरूममध्ये डिलिव्हरीची रांग असते आणि तुमच्या जुन्या गाडीवर घासाघीस करायला कुणाला वेळ नसतो. बोलणी महिनाभर आधी करा, मुहूर्ताला फक्त किल्ली घ्या. आपल्याकडे आणखी एक हंगाम आहे. द्राक्षांचे पैसे हाती आले, की दिंडोरी-निफाडचा शेतकरी गाडी बघायला निघतो. बोलेरो किंवा पिकअप विकायची असेल, तर मार्च-एप्रिल उत्तम.

किंमत कशावर ठरते?

बोलेरो २००० साली बाजारात आली आणि ती आपल्या नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात बनत आली आहे. जुन्या बोलेरोला खेडोपाडी भाव मिळतो, कारण सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत तिचा मिस्त्री आणि सुटे भाग सापडतात. जुन्या गाडीचं गिऱ्हाईक 'पुढची पाच वर्षं मला हिला कोण सांभाळून देईल?' याचीच किंमत मोजत असतं. उलटं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये शेव्हरोलेची भारतातली विक्री थांबवली आणि २०२० अखेर तळेगावचा कारखाना थंडावला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन्ही कंपन्यांच्या गाड्या मजबूत होत्या, पण भाव उतरला. तुमच्या गाडीचं मॉडेल बंद होणार असल्याची खात्रीची बातमी आली, तर निर्णय लांबवू नका.

यानंतर गिऱ्हाईक पाहतं ते फर्स्ट ओनर आहे का, एमएच-१५, म्हणजे नाशिकचं पासिंग आहे का, रनिंग किती, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण आहे का. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल, तर त्याची नोंद आरसीवर असलीच पाहिजे आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी तपासणीही झालेली पाहिजे. मीटर मागे करून देणारे लोक शहरात आहेत. त्यांच्या नादी लागू नका. सर्व्हिसच्या आणि विम्याच्या नोंदींत किलोमीटर लिहिलेले असतात आणि खोटं तिथेच उघडं पडतं.

नव्या गाडीचा भाव बदलला, की जुनीचाही बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि सेस गेला. नवी गाडी हजारोंनी स्वस्त झाली, तेव्हा तिच्या शेजारी उभी असलेली दोन वर्षांची गाडी जुन्या भावात कोण घेणार? त्याआधीची किंमत मनात धरून बसलेल्या मालकांना आता हिशेब नव्याने मांडावा लागेल.

तीन वाटा आणि एक हिशेब

गाडी देण्याच्या तीन वाटा आहेत. नवी गाडी घेता त्याच शोरूमला एक्स्चेंज, जुन्या गाड्यांच्या डीलरला किंवा ऑनलाइन कंपनीला विक्री, आणि थेट ओळखीच्या किंवा अनोळखी गिऱ्हाइकाला. शोरूममध्ये त्रास कमी, भावही बहुधा कमी. थेट विक्रीत भाव जास्त, धावपळही जास्त.

शोरूममध्ये जुन्याची किंमत, एक्स्चेंज बोनस आणि रोख सवलत एकाच आकड्यात कालवून सांगतात. ते वेगळे करून घ्या. समजा नव्या गाडीची ऑन-रोड किंमत ११ लाख आहे. पहिलं शोरूम जुन्या गाडीला ३ लाख ४० हजार देतं, बाकी काही नाही. तुमच्या खिशातून जातात ७ लाख ६० हजार. दुसरं शोरूम जुन्याला ३ लाख १० हजारच देतं, पण २५ हजार बोनस आणि २० हजार सवलत देतं. खिशातून जातात ७ लाख ४५ हजार. जुन्या गाडीला कमी भाव देणारं शोरूम इथे पंधरा हजारांनी स्वस्त पडलं. आता गाडी बाहेर ३ लाख ६० हजारांना विकलीत आणि दुसऱ्या शोरूमकडून नुसती २० हजारांची सवलत घेतलीत, तर खर्च ७ लाख २० हजार. पंचवीस हजारांसाठी बाहेर विकण्याची धावपळ करायची का, हे प्रत्येकाने आपापल्या सवडीवरून ठरवावं. मात्र प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारा: "सगळं धरून मी शेवटी किती रुपये द्यायचे?" आणि उत्तर लेखी घ्या.

"जुन्या गाडीवर आता १८ टक्के जीएसटी आहे, तो कापावा लागेल," असं कुणी सांगितलं तर थांबा. जानेवारी २०२५ पासून लागू झालेला हा दर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे. घरगुती वापराची गाडी विकणाऱ्या सामान्य माणसाने तो भरायचा नसतो.

दाखवण्याआधी

गाडी धुवा, आतून झाडा, बल्ब-वायपरसारखी किरकोळ कामं करा. पूर्ण डेंटिंग-पेंटिंगवर पैसे घालू नका. मूल्यांकन करणाऱ्याकडे रंगाची जाडी मोजणारं यंत्र असतं. ताजा रंग दिसला की तो आधी बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा शोधतो, मग दाराची रबर बीडिंग ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघतो. एक ओरखडा लपवायला गेलात, तर मोठ्या अपघाताचा संशय येतो. अपघात झालेला असेल तर दुरुस्तीची बिलं पुढे ठेवा. प्रामाणिक इतिहासाला भाव मिळतो.

पुराच्या गाडीबद्दल तर मला कळकळीने सांगावंसं वाटतं. नाशिककर गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो. ऑगस्ट २०१६ मध्ये पाणी सराफ बाजारात शिरलं, तेव्हा नदीकाठच्या कित्येक गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर चिखलाची रेघ दिसते, गालिच्याखाली गाळ सापडतो आणि वायरिंग वर्षभराने दगा देतं. एअरबॅगची जोडणी गंजली असेल, तर अपघातात ती उघडेल याची खात्री नाही. बुडालेली गाडी न सांगता विकणं म्हणजे पुढच्या कुटुंबाचा जीव धोक्यात घालणं आहे. असं करू नका.

नाव

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केलं. एका माणसाने २००७ मध्ये आपली गाडी विकली होती. ती पुढे एकाहून अधिक जणांच्या हातांतून गेली, पण नोंदणी बदलली नाही. २००९ मध्ये तिचा अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावरच ठेवली. अपघातग्रस्ताने खरा मालक शोधत दारोदार फिरायचं का, हा न्यायालयाचा विचार होता आणि तो मला पटतो.

विमा चालू असेल तर भरपाई कंपनी देते. पण विकलेली गाडी डीलरच्या यार्डात उभी असते, तिची पॉलिसी मध्येच संपते, कुणी नूतनीकरण करत नाही. त्याच गाडीची कुणी टेस्ट ड्राइव्ह घेतो. अपघात झाला, तर ओझं तुमच्यावर येतं. ई-चलन तर रोजचीच गोष्ट.

कायदा सांगतो, की विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओकडे जाणार असेल तर २८ नंबरची एनओसी. इथे आपली वाईट सवय म्हणजे या फॉर्मवर कोऱ्याच सह्या करून एजंटच्या हाती देणं. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नका. भरलेल्या फॉर्मचा फोटो स्वतःकडे ठेवा.

डीलरला गाडी देताना १ एप्रिल २०२३ पासून चांगली सोय झाली आहे. आरटीओने अधिकृत केलेला डीलर असेल, तर गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी भरून ऑनलाइन देता येते. त्यानंतर पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो डीलरच मालक मानला जातो. म्हणून "तुमच्याकडे आरटीओचं डीलर अधिकारपत्र आहे का?" हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा. नाही म्हणाला, तर पाच-दहा हजार कमी देणारा अधिकृत डीलर निवडा. हे मी माझ्या भावालाही सांगितलं आहे.

कागदांची तयारी आधी करा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवा. कर्ज फेडून वर्षं गेली तरी हा बोजा तसाच ठेवणारे अनेक आहेत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवा, नाहीतर पेठ रोडच्या आरटीओत हस्तांतरण अडेल. चलनं भरा. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना ते पाहा, कारण ओटीपी त्यावरच येतो. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल, तर आधी फॉर्म ३१ ने ती वारसाच्या नावावर करा.

किल्ली देताना तारीख, वेळ, किलोमीटर आणि "यापुढील जबाबदारी घेणाऱ्याची" असं लिहिलेल्या डिलिव्हरी नोटवर दोघांच्या सह्या घ्या. ही नोट वादात उपयोगी पडते, पण आरसीवरच्या नावाची जागा ती घेऊ शकत नाही.

विमा आणि फास्टॅग

नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. गाडी देताना कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या विम्यावर वापरता येतं. ही काही हजारांची रक्कम शोरूमच्या गडबडीत विसरली जाते. घेणाऱ्याने १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते, हेही त्याला सांगा. फास्टॅग बंद करा, नाहीतर चांदवडच्या टोलवर त्याची गाडी जाईल आणि पैसे तुमचे कटतील.

शेवटचं काम महिन्याभराने करायचं आहे. एम-परिवहन अ‍ॅपवर आपल्या जुन्या गाडीचा नंबर टाका. मालकाच्या नावातली काही अक्षरं झाकलेली असतात, पण नाव तुमचं की दुसऱ्याचं एवढं कळतं. दुसऱ्याचं दिसलं, तर व्यवहार पूर्ण झाला. तुमचं दिसलं, तर त्याच दिवशी डीलरला फोन करा, लेखी पत्र द्या आणि त्याची प्रत घेऊन स्वतः आरटीओत जा. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, कारण गाडी आज रस्त्यावर आहे.